दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर थ्रेड लिफ्ट सुरू करावी का?

डॉक्टर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: त्वचारोगातली पदविका आहे, जिल्ह्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक आहे, बोटॉक्स आणि फिलर तीन वर्षं करता आहात. थ्रेड लिफ्टची, म्हणजे त्वचेखाली दोरे घालून उतरलेला चेहरा उचलण्याची, दोन दिवसांची कार्यशाळा झाली, विक्रेता पहिल्या खरेदीवर सवलत देतोय आणि लग्नसराई तोंडावर आली आहे. तेव्हा कॉग थ्रेड (काटेरी दोरे) सुरू करावेत का, एका चेहऱ्याला किती लागतात, आणि कोणते घ्यावेत?

किती लागतात हे सोपं आहे, म्हणून ते शेवटी. कार्यशाळेत कॅन्युला, म्हणजे दोरा आत नेणारी बारीक नळी, सरकवायला शिकवतात आणि ते फार कठीण नसतं. फिलरच्या कॅन्युलावर हात बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जमायला लागतं. दोन गोष्टी मात्र तिथे सहसा राहून जातात. एक, समोर बसलेल्या माणसाला 'तुम्हाला याचा उपयोग होणार नाही' हे कशावरून सांगायचं. दुसरी, घातलेला दोरा तिसऱ्या आठवड्यात काढायची वेळ आली तर तो काढायचा कसा. ही दोन्ही उत्तरं तयार नसतील तर ही लग्नसराई जाऊ द्या.

बाकी बरंचसं तुमच्या गावावर अवलंबून आहे. चालू स्थितीतला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) क्लिनिकमध्ये आहे का? रात्री फोन केला तर येणारा प्लास्टिक सर्जन तासाभराच्या अंतरावर आहे का? मायकोबॅक्टेरियाचं, म्हणजे क्षयाच्या कुळातल्या जंतूंचं, कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) लावणारी प्रयोगशाळा नमुना घेते का? पुण्यात बसून मी 'करा' म्हणणं आणि तुम्ही तिथे ते निस्तरणं यात फरक आहे.

आधी दोरा काय करतो ते. मोनो आणि स्क्रू थ्रेड चेहरा उचलत नाहीत. त्यांना धरायला काटेच नसतात. त्यांच्याभोवती थोडं कोलॅजन तयार होतं, त्वचेचा पोत किंचित सुधारतो, एवढंच. 'चाळीस मोनो घातले की लिफ्ट होतं' असं कुणी सांगितलं असेल तर विसरून जा. उचलतात ते कॉग, म्हणजे काटेरी दोरे. त्यातही काटे कापून केलेला दोरा आणि साच्यात दाबून केलेला दोरा वेगळा. कापलेल्या दोऱ्याचा गाभाच खाचा पडून बारीक होतो आणि ताणाखाली तिथेच तुटतो. साच्यातल्याचा गाभा शाबूत राहतो. पीडीओ, म्हणजे पॉलिडायऑक्झॅनोन, साधारण ६ ते ८ महिन्यांत पाण्याने विघटित होऊन विरघळतं. पॉलिलॅक्टिक आम्लाचे आणि कॅप्रोलॅक्टोनचे दोरे त्याहून जास्त टिकतात, म्हणजे त्यांचा त्रासही जास्त दिवस टिकतो. म्हणून सुरुवात पीडीओनेच करावी. न विरघळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या दोऱ्यांच्या वाटेला आता कुणी नव्याने जाऊ नये. २००० नंतरच्या दशकात त्यांची लाट आली आणि दिसणारे, टोचणारे, बाहेर येणारे दोरे मागे ठेवून ओसरली.

पेशंटला काय सांगायचं? पहिल्या दिवशीचा फरक सुजेमुळे आणि मुद्दाम थोडं जास्त ओढल्यामुळे खूप दिसतो. दोनतीन आठवड्यांत तो बसतो. सहा महिन्यांपर्यंत बरा टिकतो, आणि पीडीओचा उचलीचा परिणाम वर्षभरात बहुतेक ओसरतो. 'दोन वर्षं टिकतं' हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं की पुढचं भांडण तुम्हीच लिहून दिलंत असं समजा.

आता निवड. माझ्या मते निम्मं यश आणि जवळजवळ सगळी बदनामी इथे ठरते. चेहरा उतरलेला दिसण्याची कारणं तीन: ऊती खाली सरकल्यात, आतला भराव कमी झालाय, किंवा चरबी जास्त आहे. दोरा फक्त पहिल्यावर चालतो. पेशंटला बसवा, हातात आरसा द्या, दोन बोटांनी गालाची त्वचा कानाच्या दिशेने जेमतेम १ सेंटिमीटर सरकवा. एवढ्यात जबड्याची कड स्वच्छ होत असेल आणि पेशंट म्हणत असेल की हेच हवंय, तर दोऱ्याला जागा आहे. तिला २ सेंटिमीटर सरकवल्याशिवाय समाधान नसेल तर ती फेसलिफ्टची पेशंट आहे, तिला सर्जनकडे पाठवा. जड, भरलेल्या गालांचं वजन काटे पेलत नाहीत, महिन्याभरात ऊती फाडत खाली येतात. उलट अगदी कृश चेहऱ्यावर, जिथे चिमटीत त्वचेखाली काहीच लागत नाही, तिथे दोरा दोरीसारखा दिसतो. मधले लोक, बहुधा पस्तिशी ते पन्नाशीतले, त्वचा बऱ्यापैकी जाड, जबड्याच्या कडेला नुकतं लोंबू लागलेलं: पहिले दहा पेशंट एवढेच घ्या. मानेची सैल कातडी नकोच.

थांबवणारी कारणं तुम्हाला माहीत आहेत, तरी विचारायची राहून जातात ती सांगतो. चेहऱ्यावर चालू असलेले पुवाचे मुरुम. दातांत किडीची गाठ किंवा येत्या महिन्यात ठरलेलं रूट कॅनॉल. अनियंत्रित मधुमेह, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८ च्या वर असेल तर मी नाही म्हणतो. छातीवर किंवा कानाच्या पाळीवर केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण. पूर्वी कुठेतरी घेतलेलं कायमचं फिलर, ज्याचं नाव पेशंटला आठवत नाही. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी चालू असेल तर दोऱ्यासाठी ती बंद करायला सांगू नका, दोराच घालू नका. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांना पेशंट औषध समजत नाहीत, त्यामुळे नाव घेऊन विचारा आणि आठ-दहा दिवस आधी थांबवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. कार्यशाळेच्या प्रमाणपत्राने तुमच्या नोंदणीची व्याप्ती वाढत नाही. इन्डेम्निटी पॉलिसीतली (पेशंटच्या दाव्यांपासूनच्या विम्यातली) वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. सौंदर्यासाठीच्या प्रक्रिया तिथे पुष्कळदा वगळलेल्या असतात, तेव्हा कंपनीकडून होकार लेखी घ्या. दोरे हे वैद्यकीय उपकरण आहे, ते वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतं. बाहेरून आलेल्या मालाला एमडी-१५ हा आयात परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक वेष्टणावर असतो. विक्रेत्याला परवान्याची प्रत मागा. 'कोरियाहून थेट येतं, स्वस्त पडतं' असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. संमतिपत्र मराठीत, याच प्रक्रियेचं वेगळं, धोके आणि पर्याय लिहिलेलं. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली निकाल पुरेसा स्पष्ट आहे: एका गोष्टीची संमती दुसरीला चालत नाही, आणि माहितीशिवाय दिलेली सही संमती ठरत नाही. सौंदर्योपचार जीएसटीच्या आरोग्यसेवेच्या सवलतीत बसत नाहीत, हे दर ठरवण्याआधीच तुमच्या सीएला विचारून घ्या.

फोटो पाच कोनांतून, एकाच उजेडात. आणि त्याला जोडून वीस सेकंदांचा व्हिडिओ: भुवया वर, डोळे घट्ट मिटलेले, गाल फुगवलेले, दात दाखवून हसू, खालचा ओठ खाली ओढलेला. चेहरा मुळातच थोडा तिरका असणारे पेशंट भरपूर असतात आणि त्यांना ते दोरे घातल्यावर पहिल्यांदा दिसतं. मज्जातंतूच्या तक्रारीत तर हा व्हिडिओ सोन्याच्या मोलाचा.

शरीररचनेत एकच पातळी लक्षात ठेवायची: त्वचेखालची चरबी, स्मासच्या, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंवरच्या पडद्याच्या, वर. कानशिलावर आधी बोटाने सुपरफिशियल टेम्पोरल धमनीचा ठोका शोधा आणि पेनने तिची रेघ काढा. प्रवेशाचं छिद्र तिच्यावर येता कामा नये. फेशियल नर्व्हच्या (चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूच्या) टेम्पोरल शाखेसाठी कानाच्या ट्रॅगसच्या (भोकापुढच्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटिमीटर खालून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वरपर्यंत रेघ ओढा. झायगोमॅटिक कमानीवर (गालाच्या हाडाच्या कमानीवर) ही शाखा खोल जाते असं समजू नका. तिथे तिच्यावर आवरण फार पातळ आहे. कमान ओलांडताना कॅन्युला वरवर, डाव्या हाताच्या चिमटीत त्वचा उचलून न्यायची. पॅरोटिड नळी (गालातल्या लाळग्रंथीची नळी) ट्रॅगसपासून वरच्या ओठाच्या मध्यापर्यंतच्या रेघेच्या मधल्या तिसऱ्या भागात असते; गालात घुसून खोल गेलात तर ती सापडते. खाली मॅसेटर या चावण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेला, जबड्यावर फेशियल धमनी लागते आणि फेशियल नर्व्हची मार्जिनल मँडिब्युलर शाखा (खालचा ओठ हलवणारी) तिच्या शेजारून जाते. दात आवळायला सांगा, स्नायूची कड हाताला लागते. तिथे टोक अजिबात घुसवायचं नाही.

भूल. बहुतेक क्लिनिकमध्ये हिशेब मनात करतात. कागदावर करा. लिग्नोकेन (सुन्न करणारं औषध) साधं असेल तर किलोला ४.५ मिलिग्रॅम, ॲड्रिनलिनसह ७ मिलिग्रॅम ही कमाल. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईला ॲड्रिनलिनसह कमाल ३५० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्याचे साडेसतरा मिली. साधं असेल तर सव्वा अकरा मिली. प्रत्यक्षात एवढं लागू नये. प्रवेशाच्या छिद्रापाशी अर्धा मिली, आणि प्रत्येक वाटेवर १ टक्का करून एक ते दीड मिली, कॅन्युलाने मागे येत. आठ वाटांना मिळून दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅममध्ये काम होतं. जास्त भरलंत तर गाल फुगतो, डाव्या-उजव्याचा अंदाज जातो आणि पातळीही चुकते. पेशंटने घरून लावून आणलेलं सुन्न करणारं मलमही हिशेबात धरा. ॲड्रिनलिन दिल्यावर सात ते दहा मिनिटं खरंच थांबा. निळे डाग कमी पडतात. ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घुमणं, बडबड सुरू होणं ही लिग्नोकेन डोक्यात चढल्याची पहिली लक्षणं. २० टक्के लिपिड इमल्शन (यावरचा उतारा, शिरेतून देण्याचं चरबीचं द्रावण) क्लिनिकमध्ये असलं पाहिजे, पहिला डोस किलोला दीड मिली. ते नसेल तर जवळच्या कुठल्या रुग्णालयात आहे हे आधी विचारून ठेवा.

जंतुनाशकाबद्दल एक गोष्ट: डोळ्यांजवळ आणि कानाच्या आत क्लोरहेक्सिडिन जाऊ देऊ नका, बुबुळाला इजा होते. चेहऱ्याला पोव्हिडोन आयोडिन बरं, आणि ते सुकायला दोन मिनिटं द्या. आदल्या रात्री आणि सकाळी केस धुऊन यायला सांगा, दिवसभर तेल नको. केस चिकटपट्टीने मागे बांधा. दोऱ्याबरोबर एक केस आत ओढला गेला तर छिद्र बरं होत नाही.

खुणा पेशंट बसलेला असताना करायच्या. झोपल्यावर गाल मागे जातात आणि सगळं छान दिसतं, तो चकवा असतो. छिद्र केसांच्या रेषेच्या ५ ते १० मिलिमीटर आत, १८ गेजच्या सुईने, त्वचेपुरतं. कॅन्युला उभी घालून चरबीत पोचल्यावर आडवी करायची. योग्य पातळीत ती लोण्यातून गेल्यासारखी जाते, वरून बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही. त्वचा आत खेचली जात असेल तर वर आहात. पेशंट एकदम कळवळला किंवा करकर लागली तर खोल आहात. दोन्ही वेळा मागे या, ढकलू नका. नाकाच्या बाजूच्या घडीच्या १ सेंटिमीटर आधीच थांबा. घडी ओलांडली की हसताना दोरा टोचतो आणि खळी पडते. दोन्ही बाजूंचे सगळे दोरे घालून झाले की पेशंटला बसवा, मगच ओढा, डावं-उजवं आलटूनपालटून. शेपूट कापताना त्वचा कात्रीच्या टोकाने किंचित दाबून कापा आणि मग ती सैल सोडा. टोक ३ ते ५ मिलिमीटर आत गेलं पाहिजे. दोरा बाहेर डोकावण्याचं सगळ्यात मोठं कारण ही एवढीशी गोष्ट आहे.

पुढचे तीन आठवडे उताणं झोपणं, उशी उंच, मोठा घास नाही, दंतवैद्य नाही, फेशियल आणि वाफ नाही. आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. एक हेल्मेट: पूर्ण बंद हेल्मेट घालताना-काढताना गाल नेमके उलट्या दिशेने खेचले जातात, म्हणून दोन आठवडे दुचाकी चालवू नका असंच सांगा, नाहीतर पेशंट हेल्मेट सोडून दुचाकी चालवतात. दुसरी हळद. नवरीची आई असो की नवरी, हळदीला चेहरा चोळला जाणारच. मुहूर्ताच्या आधी निदान सहा आठवडे नसतील तर तारीख देऊ नका.

आता बिघाड. प्रकाशित अभ्यास एकत्र पाहिले तर सूज सुमारे एक तृतीयांश पेशंटमध्ये, खळ्या दहात एकाला, संसर्ग आणि दोरा बाहेर येणं प्रत्येकी २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वीस पेशंट केलेत की दोघांना खळी पडणार असं धरूनच चाला.

खळी पहिल्या दोन दिवसांत दिसली तर काट्यांच्या पकडीच्या उलट दिशेने हळू दाबून बहुतेकदा सुटते. दोन आठवडे वाट पाहण्यात नुकसान नाही. त्यानंतरही राहिली तर सुईने खालची पकड सोडवावी लागते. खळीत घाईने फिलर भरू नका. दोरा सैल झाल्यावर तिथे उंचवटा राहतो.

भूल उतरेपर्यंत भुवई किंवा ओठ कमजोर असणं साहजिक आहे. दुसऱ्या दिवशीही भुवई उचलत नसेल तर त्या बाजूचा वरचा दोरा काढा. वाट पाहत बसायची ही जागा नाही. जेवताना गाल फुगत असेल किंवा छिद्रातून पाण्यासारखं स्रवत असेल तर द्रव अमायलेजच्या (लाळेतल्या विकराच्या) तपासणीसाठी पाठवा, दाबपट्टी बांधा आणि सर्जनला कळवा. कानशिलावर रक्त उसळलं तर दहा मिनिटं घड्याळ लावून दाब. मध्ये उघडून बघायचं नाही.

संसर्गाबद्दल थोडं जास्त लिहितो. पहिल्या आठवड्यातली लाली, दुखणं, पू हे नेहमीचे जंतू. त्यांचं काय करायचं ते तुम्हाला येतं. घात होतो तो तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. दोऱ्याच्या वाटेवर एकामागोमाग एक निळसर-लाल गाठी, फारसं दुखणं नाही, ताप नाही, नेहमीच्या प्रतिजैविकाने दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा फुटतं. हे चित्र दिसलं की ॲबसेसस, फॉर्ट्युइटम, चेलोनी या झपाट्याने वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा संशय घ्या. इथे दोन चुका होतात. ॲलर्जी समजून स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि रोग पसरतो. किंवा एकटं क्विनोलोन (प्रतिजैविकांचा एक गट) सुरू करतात. तेवढ्याने भागत नाही आणि नंतरचं कल्चर वाया जातं. आधी दोरा काढा, तोच नमुना आहे. ऊतीचा तुकडा आणि दोरा दोन्ही पाठवा, चिठ्ठीवर मायकोबॅक्टेरियाचं कल्चर ठळक लिहा, नाहीतर प्रयोगशाळा दोन दिवसांनी 'वाढ नाही' म्हणून प्लेट टाकून देते. उपचार दोन किंवा जास्त औषधांचे, महिनोन्‌महिने चालणारे, ते संसर्गतज्ज्ञासोबत करायचे. हे जंतू येतात नळाच्या पाण्यातून: उकळून घेतलेली कात्री, द्रावणात बुडवून काढून पाण्याने धुतलेली ट्रे, छिद्रावर थेट टेकवलेला बर्फ. म्हणून ऑटोक्लेव्हची चौकशी मी सुरुवातीलाच केली. बर्फ निर्जंतुक हातमोज्यात भरून, मोजा बांधून वापरा.

दोरा काढण्यासाठी सामान साधं आहे: ११ नंबरचं पातं, बारीक मॉस्किटो फोर्सेप्स, १ मिली भूल. ताजा दोरा प्रवेशाच्या छिद्रापासून अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून टोक पकडून, वरून त्वचा दुसऱ्या हाताने स्थिर धरून, हळू पिळत ओढला तर येतो. सहा आठवड्यांनी तो मऊ झालेला असतो, तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि मग जिथे लागतो तिथे लहान छेद घ्यावा लागतो. हे आधी मांसाच्या दुकानातून कातडीसकट आणलेल्या डुकराच्या किंवा कोंबडीच्या तुकड्यावर करून पाहा. वीस दोरे घाला आणि वीसही काढा. वाट चुकली की काय वाटतं, काटा कुठे अडकतो, किती ओढल्यावर तुटतो, हे हाताला तिथेच कळेल.

मग किती आणि कोणते? पहिल्या पेशंटना एका बाजूला चार कॉग: दोन गालासाठी, दोन जबड्याच्या कडेसाठी. साच्यातले, १८ किंवा १९ गेज, बोथट टोकाची कॅन्युला. लिफ्ट कमी वाटली तर महिन्याभराने आणखी एक घालता येतो, पण पहिल्या बैठकीत आठ-आठ घालून झालेली सूज आणि तिरकेपणा परत घेता येत नाही. फिलर त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. आरएफ किंवा हायफू (रेडिओलहरींनी किंवा अल्ट्रासाउंडने त्वचा घट्ट करणं) करायचं असेल तर दोऱ्यांच्या आधी.

सवलतीचं म्हणाल तर दोनच पाकिटं घ्या. मुदत पाहा, फॉइल फुगलेलं किंवा सुरकुतलेलं नाही ना ते पाहा. पीडीओ दमटपणाने आपोआप कमजोर होतं, कोकणात असाल तर जास्तच. आणि चार दोऱ्यांच्या पाकिटातले तीन वापरून चौथा पुढच्या पेशंटसाठी चिकटपट्टी लावून ठेवायची पद्धत काही ठिकाणी चालते. तो चौथा दोरा पेशंटसमोर कचऱ्यात टाका, सुईसकट, पांढऱ्या टणक डब्यात.